काखेतल्या गाठी काढल्यावर वजन उचलायचं की नाही?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. प्रश्न सरळ आहे, पण उत्तरं दोन टोकांची मिळताहेत, म्हणून हा धागा.

वय ५२, शाळेत शिकवते. उजव्या स्तनाचा कर्करोग. ऑपरेशनमध्ये काखेतल्या १७ गाठी काढल्या, त्यातल्या ३ मध्ये रोग निघाला. मग केमो, मग रेडिएशन. आता लेट्रोझोलची (हार्मोन कमी करणारी) गोळी चालू आहे. दवाखान्यातून घरी सोडताना बजावलं होतं की या हाताने आयुष्यभर दोन किलोच्या वर उचलायचं नाही, नाहीतर हात सुजेल. घरच्यांनी ते इतकं मनावर घेतलं की कोथिंबिरीची जुडीसुद्धा माझ्या हातातून काढून घेतात.

आता परिस्थिती अशी की दंडात जोरच उरलेला नाही. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या की हात खाली येतो. जमिनीवर मांडी घालून बसले तर उठायला कुणीतरी लागतं. सकाळी बोटं आणि गुडघे आखडलेले. आणि थकवा असा, की झोपून उठलं तरी जात नाही.

गेल्या फॉलोअपला नवीन डॉक्टर होत्या. त्या म्हणाल्या, "ताकदीचे व्यायाम सुरू करा, हळूहळू डंबेल उचला." मला उचलायचंय, मनापासून उचलायचंय. पण केमोच्या वॉर्डात सुजून दुप्पट झालेले हात मी पाहिलेत. ज्यांनी हे केलंय, किंवा ज्यांच्या घरात कुणी केलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

चहाबाज
चालणं पुरत नाही का? माझी आई (आतड्याचा कर्करोग, ऑपरेशन होऊन गेलंय) रोज सकाळी तासभर चालते, अगदी खणखणीत आहे. वजनंबिजनं तरुण पोरांसाठी ठीक.

तुळसवृंदावन
नका उचलू. स्पष्टच सांगते. माझ्या मावशीचंही असंच ऑपरेशन झालेलं. दोन वर्षं हात छान होता. एकदा घरी कुणी नव्हतं म्हणून भरलेला गॅस सिलिंडर तिने एकटीने ओढला. रात्रीपर्यंत हात सुजला आणि ती सूज आजतागायत पूर्ण उतरलेली नाही. बांगड्या कायमच्या काढल्या, ब्लाउजची एक बाही वेगळ्या मापाची शिवावी लागते. तो दोन किलोचा नियम कुणाच्या तरी अनुभवातूनच आला असेल ना?

हाडवैद्याचीनात
मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात कर्करोगाच्या रुग्णांबरोबरच काम करते. गोदाकाठ ताई, तुळसवृंदावन, दोघींनाही एकत्र उत्तर देते. जरा लांबेल.

काखेतल्या लसीकाग्रंथी, ज्यांना आपण गाठी म्हणतो, हातातलं जादा पाणी आणि प्रथिनं परत रक्तात पोचवण्याच्या वाटेवर असतात. त्या काढल्या आणि वर रेडिएशन झालं की ती वाट अरुंद होते. आधीच गाळाने भरलेल्या ओढ्यात एकदम पाण्याचा लोंढा यावा, तसं अचानक जड ओझं उचलल्यावर त्या हातात होतं. मावशींचा सिलिंडर म्हणजे तो लोंढा. त्यांच्या बाबतीत जे घडलं ते खरं आहे, माझ्याकडे अशा अनेक बायका येतात.

पण त्यावरून "कधीच काही उचलू नका" हा जो निष्कर्ष वर्षानुवर्षं सांगितला गेला, तो बराच काळ कुणी नीट तपासून पाहिला नव्हता. मोठ्या चाचणीत तो तपासला अमेरिकेत, फिलाडेल्फियात, कॅथरीन श्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी. २००९ साली निकाल आला. हात आधीच सुजलेल्या १४१ बायका घेतल्या. निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला लावलं, निम्म्यांना नाही. सूज वाढण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं. त्रास अचानक बळावण्याचे प्रसंग मात्र वजनं उचलणाऱ्या गटात कमी होते, १४ टक्के, दुसऱ्या गटात २९ टक्के. पुढच्या वर्षी त्यांनीच सूज नसलेल्या १५४ बायकांचा निकाल दिला. पाच किंवा जास्त गाठी काढलेल्यांमध्ये नव्याने सूज आली ती व्यायाम करणाऱ्यांत ७ टक्क्यांना, न करणाऱ्यांत २२ टक्क्यांना. ताई, तुम्ही याच गटात बसता.

कारण समजून घ्या. हात वापरायचा बंद केला की स्नायू आटतात. मग भाजीची पिशवी हेच त्या हातासाठी जास्तीचं ओझं होऊन बसतं. शिवाय स्नायू आवळला-सैल झाला की तोच लसीकेला, म्हणजे त्या जादा पाण्याला, वर ढकलतो. हात जपून ठेवला की हे पंपाचं कामही थांबतं.

त्या बायकांनी केलं कसं, हे निकालाइतकंच महत्त्वाचं आहे. सुरुवात अगदी कमी वजनाने, म्हणजे अर्धा ते एक किलो. पहिले १३ आठवडे शिकवणारं माणूस समोर. सूज असलेल्या हातावर दाब देणारी स्लीव्ह. काही त्रास नसेल तरच पुढची पायरी, तीही शक्य तितकी लहान. आणि वरची मर्यादा घातलेलीच नव्हती. जिचा हात जिथवर नेईल तिथवर.

पॅसिफिककाठी
वरच्या प्रतिसादाला जोड देतो. मी व्हँकुव्हरला राहतो. इथल्या विद्यापीठातले क्रीडावैद्यक डॉक्टर डॉन मॅकेन्झी यांनी १९९६ मध्ये स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या २४ बायकांना ड्रॅगन बोट (अनेकांनी मिळून वल्हवायची लांब होडी) वल्हवायला बसवलं. तेव्हा सगळीकडे सांगत, की ऑपरेशननंतर हाताने जोराचं, परत परत तेच काम करायचं नाही. वल्हवणं म्हणजे नेमकं तेच काम! आधी काही महिने ताकदीची तयारी करून घेतली, मग पाण्यात उतरवलं. एकीलाही नव्याने सूज आली नाही. आज जगभर अशा बोटी आहेत. उन्हाळ्यात इथल्या खाडीत गुलाबी टीशर्टातल्या आज्या वल्ही मारत जाताना दिसतात, त्यांच्या आरोळ्या किनाऱ्यावर ऐकू येतात.

चहाबाज
वा, माहीत नव्हतं! आईला विचारलं तर म्हणाली, "बोट आणून दे, वल्हवते."

तालीमवाला
कोल्हापूरकडून नमस्कार. वैद्यकातलं मला कळत नाही, पण वर जी पायरीची गोष्ट आली ती तालमीत शिकलेली आहे. नवीन पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारायला लावत नाहीत. आज जेवढ्या मारल्या, त्यात उद्या चार-दोनची भर. आजारपणातून उठलेला पैलवान असेल तर तो कालपर्यंत कितीही मोठा असो, सुरुवात परत खालून. आमच्या एका जोडीदाराला रक्ताचा कर्करोग झाला होता. उपचार संपल्यावर तो भिंतीला हात टेकून उभ्याने जोर मारायचा. जमिनीवरचे जोर फार उशिरा आले. ताई, तुम्ही भिंतीपासून सुरुवात करून बघा, डॉक्टरांना विचारून.

हाडवैद्याचीनात
तालीमवाला, अगदी बरोबर. भिंतीवरचे जोर मी जवळजवळ प्रत्येकीला देते. आणि खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं. जमिनीवरून उठता येत नाही ही ताईंची तक्रार मांड्यांची आहे. सगळं लक्ष हातावर जातं आणि पाय विसरले जातात.

तुळसवृंदावन
माहिती चांगली आहे, वाचतेय. पण एक गोष्ट कुणी बोलत नाहीये. हा जो "उचलू नका" नियम आहे ना, तो कित्येक घरांत बाईची ढाल आहे. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी म्हटलेलं असतं की तू राहू दे, मी करतो. डॉक्टर "उचला" म्हणाले एवढंच घरात कळलं तर उद्या सकाळी धुण्याची बादली तिच्यासमोर येईल. मग तिने अर्ध्या किलोपासून सुरुवात करायची कुठे?

गोदाकाठ
तुळसवृंदावन, हे वाचून गप्प झाले. आमच्याकडे तसं नाही, पण माझ्यासोबत केमो घेणाऱ्या दोघींच्या घरी नक्की असंच होईल.

गावकुसाबाहेर
मी बीड जिल्ह्यात आरोग्य खात्यात काम करते. तुळसवृंदावन म्हणतात ते खरं, पण आमच्याकडे उलटी बाजूही आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या बाईला ढाल वगैरे मिळतच नाही. टाके काढले, केमो संपलं, की हंगाम सुरू झाल्यावर ती कोयता घेऊन निघते. "दोन किलोच्या वर नको" हे तिला सांगून उपयोग काय? मोळी डोक्यावर घ्यायचीच आहे. नियम मोडल्याची भीती मनात राहते, हात सुजला तर "माझंच चुकलं" म्हणून सांगायलाही येत नाही. उपचार आणि हंगाम यांच्या मधल्या महिन्यांत तिच्या हातात टप्प्याटप्प्याने ताकद यावी, यासाठी कुणी काही केलं तर खरा उपयोग. कागदावर "जड काम टाळा" लिहिणं सोपं आहे.

हाडवैद्याचीनात
तुम्हा दोघींचं म्हणणं मी आमच्या विभागात मांडणार आहे. एक गोष्ट मी आत्ताही करते. नवऱ्याला किंवा सासूला समोर बसवून सांगते की व्यायाम आणि घरकाम ही वेगळी खाती आहेत. व्यायामात वजन, वेळ आणि विश्रांती आपल्या ताब्यात असते. बादलीत यातलं काहीच नसतं. चिठ्ठीवरही तसं लिहून देते: "व्यायाम: चालू. ओझी, पाणी भरणे, दळण: तूर्त नाही." डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी घरात चालते.

संत्रानगरी
स्तनाच्या पलीकडचा अनुभव लिहू का? मी नागपूरचा. खर्‍याचं (तंबाखू-सुपारीचं) व्यसन, गालाचा कर्करोग, ऑपरेशनमध्ये मानेतल्या गाठीही काढल्या. घशाची, तोंडाची काळजी सगळ्यांनी घेतली, पण खांदा गेला हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. खांदा उचलणारी शीर मानेतून जाते, ती ऑपरेशनमध्ये दुखावते. हात डोक्याच्या वर जाईना, शर्ट घालताना बायको लागायची, रात्रभर ठणका. फिजिओने रबरी पट्ट्यांवर सुरुवात केली, मग छोटे डंबेल. आता पंख्याच्या पात्या मीच पुसतो.

तोंड उघडण्याच्या व्यायामाला आइस्क्रीमच्या लाकडी काड्या देतात, एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, हळूहळू एकेक वाढवायची. मी पुड्यानेच विकत आणायचो. गल्लीतल्या पोरांची खात्री पटली होती की काकांना रोज कुल्फी मिळते. एकाने तर वाटा मागितला.

हाडवैद्याचीनात
संत्रानगरी, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. आपल्याकडे पुरुषांत तोंडाचा कर्करोग इतका, आणि खांद्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. कॅनडात ५२ रुग्णांवर याचा अभ्यास झाला, २००८ मध्ये छापून आला. टप्प्याटप्प्याने ताकद वाढवणाऱ्यांचं खांद्याचं दुखणं नेहमीच्या फिजिओथेरपीपेक्षा जास्त कमी झालं.

कृष्णाकाठचाशेतकरी
वडिलांना प्रोस्टेटचा कर्करोग, हार्मोन बंद करणारं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. माणूस ऊस तोडणारा, आता मांड्या काटकुळ्या आणि पोट पुढे. हाडांची तपासणी केली, हाडं ठिसूळ होताहेत म्हणाले. शिवाय कमरेच्या मणक्यात रोगाचा एक डाग आहे. त्यांनी व्यायाम करावा का? की तो डाग आहे म्हणून बंद?

हाडवैद्याचीनात
दादा, ते इंजेक्शन टेस्टोस्टेरॉन बंद करतं, म्हणून स्नायू जातात आणि चरबी वाढते. कॅनडात अशा १५५ पुरुषांवर चाचणी झाली होती (२००३). १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा ताकदीचे व्यायाम. थकवा कमी झाला, ताकद वाढली. म्हणजे वडिलांना गरज आहेच.

पण मणक्यात डाग असेल तर इथे वाचून काही सुरू करू नका. आधी कर्करोगतज्ज्ञ स्कॅन बघून सांगतील की हाड किती कमकुवत आहे. त्या भागावर भार येणार नाही, पाठ वाकवणं-पिळणं होणार नाही, अशी आखणी करावी लागते. ती होऊ शकते, पण समोर बसून. पाठीत नवीन दुखणं, पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावर ताबा जाणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना.

आणखी काही जणांनी थांबून विचारायला हवं. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट उतरल्या असतील, ताप असेल, हिमोग्लोबिन फार कमी असेल, तर त्या दिवसांत नाही. "लाल केमो" (डॉक्सोरुबिसिन) किंवा ट्रास्टुझुमॅब हे औषध, यातलं काही घेतलं असेल तर टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या तपासणीचा, रिपोर्ट व्यायाम शिकवणाऱ्याला दाखवा. पोटावर स्टोमाची (शौच किंवा लघवी जमा होणारी) पिशवी असेल तर श्वास कोंडून जोर लावायचा नाही, तिथे हर्निया होतो. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने तळपाय बधिर झाले असतील तर बसून किंवा कशाला तरी धरून.

सकाळीपाचला
एवढ्या अटी असतील तर योगासनं काय वाईट? टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२२ साली स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० रुग्णांवरचा योगाचा अभ्यास सॅन अँटोनियोच्या परिषदेत मांडला होता, निकाल चांगले होते. आपलं सोडून डंबेल कशाला?

आकडेमोड
सकाळीपाचला, योग चांगलाच, पण कशासाठी हे पाहायला हवं. झोप, श्वास, मनाची घालमेल, लवचिकता यासाठी उत्तम. आटलेला स्नायू भरायला त्याला दर थोड्या दिवसांनी आधीपेक्षा जास्त भार लागतो. आसनांत तो वाढवत नेणं अवघड. दोन्ही करा की, भांडण कशाचं?

चहाबाज यांच्या चालण्याबद्दल. २०२५ मध्ये चॅलेंज नावाच्या चाचणीचा निकाल आला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ८८९ रुग्ण, ऑपरेशन आणि केमो झालेले. निम्म्यांना तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम, निम्म्यांना फक्त माहितीपुस्तिका. आठ वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ९०.३ टक्के विरुद्ध ८३.२ टक्के. तुमच्या आईचं चालणं सोनं आहे. पण तिथे मुख्य भर चालण्यासारख्या दमसासाच्या व्यायामावर होता. त्यामुळे "डंबेल उचला, कर्करोग परतणार नाही" असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ताकदीच्या व्यायामाचे भक्कम पुरावे आहेत ते थकवा, रोजची कामं जमणं, आणि जगण्याचा दर्जा यांचे. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत दोन्ही आहेत: आठवड्यातून तीनदा अर्धा तास दम लागेल असं चालणं, आणि दोनदा ताकदीचे व्यायाम, प्रत्येकाचे किमान दोन सेट, ८ ते १५ वेळा.

सकाळीपाचला
मान्य. भांडण मागे.

खमंगकाकडी
खाण्याचं कोण बोलणार? नुसतं उचलून स्नायू येत नाहीत. केमोनंतर घरोघरी पेज, मऊ भात आणि "हलकं खा". प्रथिनं कुठायत? मला आहारतज्ज्ञांनी वजनाच्या किलोमागे रोज एक ते दीड ग्रॅम सांगितलं होतं. पिठलं, मुगाचं धिरडं, मटकीची उसळ, दही, अंडी, जे चालतं ते. आणि स्तनाच्या कर्करोगात सोयाबीन विष असतं हा निरोप गटागटांतून फिरतो, त्याने बायका टोफू-सोयापीठ सोडतात. जेवणातल्या सोयाने धोका वाढतो असं दिसलेलं नाही. गोळ्या-पावडरीच्या रूपातले अर्क मात्र विचारल्याशिवाय नकोत.

तालीमवाला
कोल्हापुरातून तांबडा-पांढरा रस्सा पाठवू का?

खमंगकाकडी
तोंडातले फोड बरे झाल्यावर पाठवा. पत्ता देते.

निळीछत्री
जिमबद्दल एक. एक स्तन नाही, आतली सिलिकॉनची गादी घामाने सरकते, वाकलं की बाहेर येईल ही धास्ती. समोर आरसे आणि पंचविशीतली मुलं. मी दारापर्यंत जाऊन परत फिरायचे. शेवटी आमच्या सोसायटीतल्या चौघींनी गच्चीवर सुरू केलं. खिसा शिवलेली ब्रा, सैल कुर्ता, थेराबँड (व्यायामाची रबरी पट्टी) आणि पाण्याच्या लिटरच्या बाटल्या (भरलेली म्हणजे साधारण एक किलो, अर्धी म्हणजे अर्धा). चौघींपैकी कर्करोग झालेली मी एकटीच, बाकीच्या गुडघ्यांसाठी येतात. गोदाकाठ ताई, सोबत शोधा, सोबत असली की खाडा होत नाही.

गोदाकाठ
बरेच दिवसांनी येतेय. इथलं सगळं छापून नव्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हसून फिजिओथेरपी विभागात पाठवलं. तिथे दोन्ही हातांची टेपने ठिकठिकाणी मापं घेतली, दर महिन्याला परत घेणार आहेत. अर्ध्या किलोने सुरुवात केली, आता एकावर आहे. भिंतीवरचे जोर, खुर्चीतून उठणं, रबरी पट्टी मागे ओढणं. मापं जिथल्या तिथे आहेत. पाय आधी सुधारले, जमिनीवरून आता एकटी उठते. बोटांचा सकाळचा आखडलेपणा थोडा कमी वाटतो, तो व्यायामाने का?

आणि एक: गौरी-गणपतीत दहा-बारा दिवस खाडा होणार. नंतर आहे तिथून पुढे जायचं ना?

हाडवैद्याचीनात
खूप आनंद झाला, ताई! लेट्रोझोलच्या सांधेदुखीवर होप नावाची अमेरिकन चाचणी झाली आहे, चालणं आणि आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम वर्षभर. दुखणं कमी झालं होतं. तेव्हा हो, व्यायामाचाच वाटा असू शकतो.

खाड्यानंतर आहे तिथून पुढे नाही. आठवड्याहून जास्त खंड पडला तर एक-दोन पायऱ्या खाली उतरून परत चढायचं. आणि गौरींच्या स्वयंपाकात मोठी पातेली दुसऱ्यांना उचलू द्या. हात जड वाटला, अंगठी घट्ट झाली, तर वजन थांबवून मला किंवा तिथल्या फिजिओला कळवा.

तुळसवृंदावन
मी इतके दिवस वाचतेय, आता विचारते. मावशीच्या हाताची सूज सहा वर्षांची आहे. वर १४१ बायकांचा अभ्यास आला, त्यांचे हात आधीच सुजलेले होते असं लिहिलंय. म्हणजे मावशीलाही सुरू करता येईल? ती कराडला असते. मधून मधून तो हात लाल होतो, ताप येतो.

हाडवैद्याचीनात
येईल, पण क्रम पाळून. लाल होणं आणि ताप म्हणजे त्वचेखाली जंतुसंसर्ग, त्याला अँटिबायोटिक लागतं आणि त्या काळात व्यायाम बंद. तो पूर्ण बरा झाला की पट्ट्या बांधून सूज जितकी उतरेल तितकी उतरवायची, मग त्या मापाची स्लीव्ह, आणि स्लीव्ह घालून अर्ध्या किलोपासून. जवळच्या मोठ्या कर्करोग रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात फोन करून "लिम्फेडिमाचं (म्हणजे या सुजेचं) काम करतात का" एवढं विचारा. तयार मिळणारी कुठलीही स्लीव्ह अंदाजाने घेऊ नका, सैल असली तर उपयोग नाही आणि घट्ट असली तर मनगटाशी काचते.

तुळसवृंदावन
सोमवारी फोन करते. ती उन्हाळ्यात स्लीव्ह घालायला कुरकुर करेल.

निळीछत्री
तिला सांगा, सकाळी सहाला व्यायाम उरकायचा, ऊन चढायच्या आत. आणि दोन स्लीव्ह घ्या, एक धुवायला.